शेवटचा रकाना

"काका, ह्याला दम लागलाय," वृंदा म्हणाली.

ती कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि मी तिच्या खुर्चीमागे, परीक्षेला बसवलेल्या मुलासारखा उभा होतो. पडद्यावरचं वाळूचं घड्याळ उलटत होतं, सुलटत होतं, आणि फाईल काही उघडत नव्हती.

"वय झालं असेल त्याचं," मी म्हणालो.

"वय कसलं? पोटात काय काय भरून ठेवलंय बघा. एकच यादी चार ठिकाणी. 'पुस्तके', 'पुस्तके नवी', 'पुस्तके नवी शेवटची', आणि ही 'पुस्तके नवी शेवटची खरी'."

स्वयंपाकघरातून कुमुद हसली. "तो त्या मशीनचा दोष नाही गं. ह्यांचं असंच आहे. पत्र पेटीत टाकल्यावरही पडलं की नाही म्हणून पेटीवर थाप मारून बघतात."

हे खरं होतं.

ह्या मुलीला मी इथे वृंदा म्हणतो. ती एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. आमच्याकडे ती पहिल्यांदा आली ती मात्र कुमुदकडे, आपलं नाव नोंदवायला. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं काम कुमुद बरीच वर्षं घरूनच बघत होती. मी अकोल्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो तेव्हा मुलानं पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला. माझ्यासाठी म्हणून पाठवला, पण त्याचा खरा उपयोग कुमुदलाच झाला. मुलामुलींची माहिती, फोटो, पत्रिका, सगळं त्यात. माझ्याकडे राहिली त्याची देखभाल. ती मला वृंदानं शिकवली. आठवड्यातून एकदा व्हायरस शोधायचा. बाहेरचा पेनड्राइव्ह लावला की आधी तपासायचा. तात्पुरत्या फाईली जमतात त्या काढून टाकायच्या. मागच्या पंख्यावरची धूळ मी पुस्तकांच्या ब्रशनं झटकायचो, त्याचं तिला फार कौतुक वाटायचं.

"ह्याला पासवर्ड घालून देऊ का?" तिनं त्या दिवशी विचारलं. "काकू लोकांचं काय काय ठेवतात ह्यात."

"घरात आम्ही दोघंच," मी म्हणालो. "कुलूप कुणासाठी? ग्रंथालयात मी जन्मभर बंद कपाटांशी भांडलो."

"पुस्तकं वेगळी, काका."

"आणि पासवर्ड विसरला म्हणजे?"

"तेही आहेच." ती हसली. "बरं, राहू दे. पण तुमच्या याद्या कमी करा. दोनदा आहे ते एकदा ठेवा, मशीन पळायला लागेल. फक्त काकूंच्या फाईलींना त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका."

"छे," मी म्हणालो.

ती गेल्यावर कुमुद हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "यवतमाळच्या स्थळाचं जमेल असं वाटतंय. मुलगा तिच्याशी दोनदा फोनवर बोलला. मेळाव्याला आईला घेऊन येतोय."

"छान झालं."

"छान तेव्हा, जेव्हा होईल. तिला एक गोष्ट सांगायची आहे त्याला. तब्येतीची. ती म्हणते, मीच सांगणार, समोर बसून, माझ्या तोंडानं. मध्ये कुणी नको." कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. "मी तिला शब्द दिलाय."

काय गोष्ट, ते मी विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायचा माझा स्वभाव नव्हता. त्याला लोक सभ्यपणा म्हणत.

मेळाव्याच्या थोडे दिवस आधी अमरावतीला कुमुदच्या बहिणीचे यजमान वारले आणि कुमुद तेराव्यापर्यंत तिकडे राहिली. मी घरी एकटा. सकाळी पोळीवाल्या बाई येऊन जात, मग दिवसभर मी आणि तो कॉम्प्युटर. ती परत येईपर्यंत त्याला अगदी लख्ख करून ठेवायचं मी ठरवलं. माझ्या याद्या कमी केल्या. मुलानं कधीकाळी टाकलेले आणि कुणी न उघडलेले दोन खेळ काढले. जागा किती उरली ते दाखवणारी एक पट्टी असते. ती भरत आली की लाल होते. मी काढत गेलो तशी ती निळी झाली आणि हळूहळू आखूड होऊ लागली. इतकं समाधान मला निवृत्तीनंतर कशानंच दिलं नव्हतं. मी दिवसातून अनेकदा ती पट्टी बघायचो.

माझं सगळं संपलं, तेव्हा मी कुमुदच्या कप्प्यात शिरलो.

तिथे दोन फाईली होत्या. एक 'मेळावा', दुसरी 'मेळावा कुमुद'. दोन्ही उघडून शेजारी ठेवल्या. तीच नावं, तोच क्रम, तीच शिक्षणं, उंच्या, नोकऱ्या. फरक एवढाच, की दुसरीला शेवटी एक रकाना जास्त होता. त्याचं नाव 'विशेष'. वरवर पाहिलं. 'स्वभाव शांत.' 'घरात आजोबांचं चालतं.' 'मुलगी वाचते भरपूर.' माझी बायको किती बारकाईनं माणसं बघते, ह्याचा मला अभिमान वाटला. कुणाच्याही नोंदी मी पुढे नीट वाचल्या नाहीत. दुसऱ्याचं वाचू नये, असं वाटलं.

ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या असल्या आणि जागा अपुरी पडली, की आम्ही अपुरी काढायचो आणि पूर्ण ठेवायचो. ह्यात मला कधी शंका आली नव्हती. बाकी प्रत्येक गोष्टीत आली, ह्यात नाही.

कुमुदला विचारावं असं मनात आलं. फोन उचललाही. पण दुःखाचं घर, कुणीतरी परकं फोन घेणार, मग मी कोण, काय काम, हे सगळं बोलायचं. मी फोन खाली ठेवला. अपुरी फाईल काढून टाकली. पुरी ठेवली आणि तिच्या नावातला 'कुमुद' हा शब्द पुसला, कारण आता एकच यादी होती आणि नाव सुटसुटीत असावं. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. पट्टी अर्ध्या केसानं आखूड झाली असेल.

कुमुद परतली ती गुरुवारी, दमून, डोळे सुजलेले. पिशवी खाली ठेवतेय तोच मेळाव्याची पुस्तिका छापणाऱ्या छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा.

"अहो, तेवढी फाईल त्याला घालून द्या ना," ती म्हणाली. "माझे पाय उचलत नाहीत."

"कुठली?"

"'मेळावा' नावाची. त्या नावाची एकच आहे."

मी त्याचा पेनड्राइव्ह आधी तपासून घेतला. कोणताही धोका आढळला नाही, असं मशीननं सांगितलं. मग फाईल घातली. "प्रूफं दाखवाल ना?" मी विचारलं. "वेळ कुठे आहे सर," तो म्हणाला, "गठ्ठे थेट कार्यालयावर पोचवतो."

रात्री जेवताना मी कुमुदला म्हणालो, "कॉम्प्युटर बघ कसा पळतोय."

"बघते हं उद्या," ती म्हणाली.

मेळावा रविवारी होता. मंगल कार्यालयात सतरंज्यांवर खुर्च्या, मागे पाण्याचे ड्रम, व्यासपीठावर मंडळाचे अध्यक्ष बार्लिंगे. मी ड्रमपाशी उभा होतो. गर्दीत मला नेहमी अशी एक जागा लागते, जिथे काहीतरी करतोय असं दिसता येतं. मी लोकांना पेले देत होतो.

तिथून दोन रांगांवर वृंदा बसली होती. जांभळी साडी नेसली होती. शेजारी तो यवतमाळचा मुलगा आणि त्याच्या पलीकडे त्याची आई. आई चांगली वाटली. तिनं वृंदाच्या साडीचा पदर हातात घेऊन पोत पाहिला, दोघी हसल्या. मुलगा काहीतरी सांगत होता आणि वृंदा मान हलवत होती. एकदा तिनं मागे वळून मला पाहिलं आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, बघताय ना काका?

दीपप्रज्वलन झालं. पोरांनी गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापल्या आणि पुस्तिका वाटायला सुरुवात केली. ओल्या शाईचा वास माझ्यापर्यंत आला.

पहिलं हसू पुढच्या रांगेतून आलं. एका गृहस्थानं मोठ्यानं वाचलं, "'मुलगा चांगला. पण आईला विचारल्याशिवाय रुमालसुद्धा घेत नाही.' वा! हे झ्याक लिहिलं."

"दाखवा, दाखवा."

"अहो, हा आपल्या मोहोडांचा."

पुन्हा हसू. मग पानं उलटण्याचा आवाज सगळ्या हॉलभर झाला. प्रत्येकजण आपलं पान शोधत होता. आणि मग हळूहळू कुणीच हसेना.

मी जवळची एक पुस्तिका उचलली. उघडायच्या आधीच मला कळलं होतं. तरी उघडली. शेवटचा रकाना, 'विशेष', छापखान्यानं ठळक केला होता. कुठल्या मुलीची सगाई का मोडली. कुणाचे वडील संध्याकाळी भेटण्याजोगे नसतात. कुणाच्या घरी कोण गेलं आणि कसं. बायकांनी कुमुदच्या स्वयंपाकघरात बसून, चहा गार होईपर्यंत सांगितलेलं सगळं. वृंदाचं पान मी काढलं नाही. पण मी मान वर केली तेव्हा त्या मुलाच्या आईच्या मांडीवर ते उघडं होतं आणि तिचं बोट शेवटच्या रकान्यावर होतं.

"कुमुदताई," बार्लिंगे माइकवरून म्हणाले, "हे काय छापलं हो? असं कोणी छापते का?"

कुमुद व्यासपीठाच्या पायरीपाशी होती. तिनं एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मग तिनं हॉलभर नजर फिरवून मला शोधलं. एकदाच पाहिलं. माझा चेहरा पाहून तिला सगळं समजलं असावं. ती वळली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "यादी माझी आहे. चूक माझ्याकडून झाली. कृपा करून पुस्तिका परत द्या."

"चूक म्हणजे काय? लोकांच्या अब्रूचा प्रश्न आहे न बाई हा."

"मी," मी म्हणालो. "ते मी केलं."

हे मी म्हणालो. पण ज्या आवाजात वाचनकक्षात शेजारच्या टेबलाला त्रास होऊ नये म्हणून बोलतात, त्या आवाजात म्हणालो. बार्लिंग्यांचा आवाज कर्ण्यांतून घुमत होता. कुणी वळून पाहिलं नाही. फक्त वृंदानं पाहिलं.

मी पुन्हा म्हणालो नाही.

यवतमाळच्या बाईंनी पुस्तिका मिटली. रागावल्या नव्हत्या. त्यांनी वृंदाच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

"मी आज सांगणारच होते," वृंदा म्हणाली. "तासाभरात सांगणार होते."

"हो गं बाई. असेल ना." त्या उठल्या. "आम्ही कळवतो हं."

मुलगाही उठला. तो काहीतरी बोलेल म्हणून वृंदा त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं बुटाची न सुटलेली नाडी बांधली आणि आईच्या मागे गेला.

कुमुद रांगारांगांतून हात जोडत पुस्तिका मागत होती. मीही दुसऱ्या बाजूनं मागू लागलो. काहींनी दिल्या. एका बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत पिशवीत संत्र्यांच्या खाली सारली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे नाही आली." मी पुढच्या खुर्चीकडे सरकलो.

घरी आल्यावर मी फोनपासून आवृत्त्यांपर्यंत सगळं सांगितलं. कुमुदनं ऐकून घेतलं.

"माझं नाव होतं त्या फाईलवर," ती म्हणाली. "तेवढं तरी ठेवायचं होतं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वृंदा आली. कुमुदनं दार उघडलं आणि तिला बघून रडायला लागली. वृंदानं तिला धरून पलंगावर बसवलं. मग माझ्याकडे आली. मी कॉम्प्युटरसमोर नुसता बसलो होतो.

"उठा काका. मी बसते."

मी उठलो. तिनं ती फाईल उघडली, आपली ओळ शोधली आणि काढून टाकली. आपला फोटो काढला. पत्रिका काढली. टोपली रिकामी केली. सगळं इतक्या सराईतपणे, जसं ती शाळेत मुलांना दाखवत असेल.

"वृंदा, नाव काढू नकोस," कुमुद म्हणाली. "मी दुसरं बघीन. शंभर बघीन."

"काकू, आता जो येईल तो आधीच वाचून येईल." ती वळली नाही. "मला एवढंच हवं होतं, की मी सांगताना त्याचा चेहरा बघायचा. त्यावरून ठरवणार होते मी. आता ते कुणाबरोबरच नाही होणार ह्या गावात."

मी म्हणालो, "माझं चुकलं." नीट ऐकू येईल असं म्हणालो.

"काल तुम्ही म्हणालात ते मी ऐकलं, काका."

"मला वाटलं, कुणीच—"

"कुणीच नाही ऐकलं. म्हणून तर सांगतेय." आता ती माझ्याकडे बघत होती. "तुम्ही मोठ्यानं म्हणाला असतात तर मला बरं वाटलं असतं, असं नाही. पण काकू एकट्या उभ्या होत्या."

मग तिनं मशीनला पासवर्ड घातला. तो घालताना मी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिलो. ती उठली, कुमुदजवळ गेली आणि तिच्या कानात तो सांगितला. जाताना मला म्हणाली, "पंखा झटकत जा, काका. तेवढं चांगलं करता तुम्ही."

संध्याकाळी मी बार्लिंग्यांच्या घरी गेलो. वाटेत सगळी वाक्यं पाठ केली होती. त्यांनी दार उघडलं आणि मी चपला काढायच्या आधीच म्हणालो, "ती चूक कुमुदची नाही. माझी आहे. तिच्या दोन याद्या होत्या. छापायची मी काढून टाकली आणि खाजगी ठेवली. तिला न विचारता. छापखान्याच्या माणसाला दिलीही मीच. तिला काहीच ठाऊक नव्हतं."

माझा आवाज जिन्यात घुमला. समोरच्या घरातून कुणी डोकावलं.

बार्लिंगे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे ओलावले.

"आत या, पातूरकर. बसा न. अहो, ऐकलं का?" त्यांनी बायकोला हाक मारली. "हे पाहा, माणूस कसा राहते. बायकोचं सगळं आपल्या अंगावर घेऊन राहिले."

"नाही, तसं नाही. खरंच मी—"

"मला शिकवता? तुम्ही जन्मभर पुस्तकं सांभाळली. एक चिठ्ठी तरी हरवली का तुमच्या हातून? अन् तुम्ही न विचारता यादी फेकाल? काहून खोटं बोलता एवढं?"

"बार्लिंगेसाहेब, मी शपथेवर सांगतो."

"पाहा, शपथ घ्यायलाही तयार आहेत," ते बायकोला म्हणाले. त्यांच्या बायकोनं माझ्यापुढे सोललेल्या संत्र्याची बशी ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. "कुमुदताईंनी नशीब काढलं," त्या म्हणाल्या.

मी आणखी समजावलं. आवृत्त्यांचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. जितकं बारीक सांगत गेलो तितकं ते रचलेलं वाटत गेलं. शेवटी बार्लिंगे माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्याकडे पाहून आम्ही वाढवत नाही हे प्रकरण. पण मंडळाचं काम आता ताईंनी सोडावं. तुम्हीच सांगा त्यांना घरी. तुमच्या तोंडून जड नाही जाणार."

घरी कुमुद तांदूळ निवडत बसली होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं. मोठ्यानं."

"मग?"

"त्यांना वाटतंय, मी तुला पाठीशी घालतोय."

तिचा हात ताटावर थांबला. "म्हणजे तुम्ही थोर झालात."

"आणि मंडळाचं काम..."

"कळलं." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "आणखी काय म्हणाले?"

"तू नशीब काढलंस म्हणाले."

तेव्हा ती हसली. मी तिला इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला त्या हसण्यापुढे खोलीत उभं राहवेना.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. समाजात माझं ते नाव अजून आहे. लग्नांतून बार्लिंगे नव्या जोडप्यांना माझ्याकडे घेऊन येतात आणि म्हणतात, ह्यांच्या पाया पडा. मुली वाकतात. कुमुद शेजारी उभी असते. मी पाय मागे घेतो, तर त्यालाही लोक विनय म्हणतात. प्रत्येक वेळी खरं सांगायला लागतो आणि बार्लिंगे हसून माझ्या खांद्यावर थोपटतात.

हे लिहून झाल्यावर मी कुमुदला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं.

"यवतमाळ लिहिलंत."

"ते यवतमाळ नव्हतंच. बदललंय."

"शाळा?"

"तीही."

"मोहोड?"

"मोहोड नावाचं त्या दिवशी कुणी नव्हतं."

"तिला काय होतं, ते नाही ना कुठे?" तिनं पानं पुन्हा चाळली. "नाही. बरं. आणि पुढे तिचं काय झालं, ते? लोक विचारतील. लग्न झालं का, कुठे असते."

"विचारतील."

"तुम्हाला तर माहीत आहे सगळं. तिचा फोन येतो तेव्हा तुम्हीच बोलता आधी."

"हो," मी म्हणालो. "पण ते मी लिहिणार नाही."

तिनं चष्मा काढला आणि पानं माझ्या हातात दिली.